दहा किलोच्या आत

“उतरू द्या त्याला खाली. मग जा.”

सेनगावातल्या एका पिठाच्या गिरणीच्या दारात हे वाक्य मी अनेक रविवारी ऐकले. म्हणणाऱ्या बाई दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडव्या उभ्या असत. त्यांच्या पाठीमागे रस्ता आणि समोर, बाहेर पळायच्या बेतात असलेली दहा-पंधरा पोरे. लाईट नुकतीच गेलेली असे. ती जाण्याआधी आतल्या खोलीतल्या टीव्हीवर एका चित्रातल्या माणसाने उंच इमारतीवरून झेप घेतलेली असे आणि तो अजून हवेतच असे. बाई त्याला आपल्या तोंडाने खाली आणत.

“आला... आला... पाय टेकले. गुडघे वाकवले बघा. आता कपडे झटकून राहिला. झालं, उतरला. आता जा. हळू जा.”

मग चौकटीवरचे हात निघत आणि पोरे सुटत.

अशी काळजी करणारी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. कुलूप लागले की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परतणारी, दुसऱ्याच्या लेकराला विहिरीच्या कडेवरून हाकलणारी. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्याच भरवशावर निर्धास्त राहतो. गिरणीवाल्या मावशी त्यातल्याच. त्यांची काळजी एकदा एका पोरीच्या जिवावर बेतली, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो आहे.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाने मला सेनगावला वार्ताहर म्हणून ठेवले होते आणि माझी भाड्याची खोली गिरणीच्या बरोबर समोर होती. गिरणीचा आवाज थांबला की मला जाग येई, कारण आवाज थांबणे म्हणजे लाईट जाणे.

मावशी पन्नाशीच्या पुढच्या, उंच, रुंद हाडाच्या होत्या. पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला असे की त्याचे एक टोकही मोकळे दिसत नसे. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपत होती. उरलेली मोटारीच्या पट्ट्यात गेली होती. नवरा वारल्यावर गिरणी त्यांच्याकडे आली, त्याच वर्षी. “पट्टा कोणाला वळखत न्हाई,” असे त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा पोरेच. रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून आया त्यांच्या डोक्यावर ज्वारीचे डबे देऊन गिरणीत पाठवत. पोरे दळण होईपर्यंत थांबत, आणि थांबलेली पोरे पट्ट्याकडे सरकत. पट्टा फिरत असतो, त्याच्यावर काडी टाकली तर ती उडते. पोरांना आणखी काय हवे असते?

टीव्ही आला तो यासाठी. मावशींची मुलगी रिसोडला दिली होती. तिच्या घरी रंगीत टीव्ही आल्यावर जुना काळा-पांढरा मावशींनी मागून घेतला आणि दळणाच्या खोलीशेजारच्या खोलीत, पट्ट्यापासून एका भिंतीच्या आड, पोत्यांवर मांडला. त्यांना स्वतःला टीव्हीची हौस नव्हती. पोरांना बसायला पट्ट्यापेक्षा चांगले काहीतरी हवे होते, एवढेच.

रविवारी सकाळी एक परदेशी कार्टून लागे. हिंदी आवाज दिलेले. त्याचा नायक दिवसा घड्याळे दुरुस्त करी आणि संकट आले की घट्ट कपडे घालून उडे. हिंदीत त्याचे नाव गगनवीर होते. पोरांनी त्याचा गगन्या केला. त्याच्या झग्याचा रंग कोणता यावर गिरणीत भांडणे होत, कारण पडद्यावर सगळेच राखाडी होते. हिंगोलीहून मामाकडे आलेल्या एका पोराने एकदा छातीठोकपणे सांगितले, “लाल हाय. आमच्याकडं लाल दिसतो.”

“हिंगोलीला लाल घालत असंल,” मावशी आतून म्हणाल्या. “हितं पीठ उडतं. हितं राखाडीच बरा.”

पोरांना हिंदी जेमतेम कळे. मावशींचे माहेर परभणीच्या बाजूचे, आजूबाजूला दखनी बोलणारी घरे, त्यामुळे त्यांना हिंदी चांगले येई. दळता दळता त्या मधल्या दारातून गगन्याचे बोलणे पोरांना मराठीत सांगत. ते भाषांतर ऐकण्यासारखे असे. गगन्या पडद्यावर गरजे, “मैं आ रहा हूँ!” मावशी म्हणत, “येऊन राहिलो म्हणतो. आधी खाली कोण उभं हाय ते बघतो म्हणतो, मग येतो.” गगन्या वीज हातात धरी. मावशी सांगत, “हातात रबराचे मोजे हायेत त्याच्या, दिसत न्हाईत.” पोरांचा विश्वास बसे. गगन्या त्यांच्याशी मावशींच्याच आवाजात बोलत होता.

एका रविवारी गगन्या कड्यावरून झेपावला आणि लाईट गेली. तेव्हा मावशी दारात उभ्या राहत नव्हत्या. पोरे ओरडत बाहेर पळाली. गल्लीच्या टोकाला एक अर्धवट बांधलेली भिंत होती. पत्र्याचे काम करणाऱ्याचा पोरगा तिच्यावर चढला आणि त्याने ती झेप पुरी केली. हाताचे हाड मोडले. मावशी पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनीच त्याला उचलून जीपपर्यंत घेऊन गेल्या.

पोराची आई समंजस होती. “तुमचा काय दोष मावशी? पोरगंच माकडाच्या जातीचं हाय.”

मावशींना ते पटले नाही. संध्याकाळी त्या माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. “लाईट मधीच गेली, पेपरवाले भाऊ. तो वरच राहिला. लेकरं काय करतील? त्यांनी त्याला खाली आणलं.”

त्या दिवसापासून दारातले ते वाक्य सुरू झाले. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. लाईट गेली नाही तरी पोरे घरी जातातच, चढायला घराला माळवद असते, गोठ्याला पत्रे असतात. पुढच्या रविवारी मालिका संपल्यावर त्यांनी सगळ्यांना दळणाच्या खोलीत बोलावले. छताच्या लाकडाला साखळ्यांनी टांगलेला मोठा तराजू होता. त्याच्या पारड्यात दळणाचे अख्खे पोते मावे.

“गगन्याचं वजन किती, ठाव हाय का कोणाला?”

कोणालाच नव्हते.

“आज सांगितलं त्यानं. तुमचं ध्यान नव्हतं. दहा किलोच्या आत. दहाच्या वर एक मूठ जरी गेलं तरी हवा धरत न्हाई. चला, बसा एकेक.”

पोरे रांगेने पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात मावशी लोखंडी मापे ठेवत गेल्या आणि निकाल सांगत गेल्या. “तू? बराबर एक पोतं हायेस. जमिनीवरच राहा.” “तू तर उडायचं नावच काढू नको, माझा तराजू तुटंल.” एक पोरगा कंबरेवर धाकट्या बहिणीला घेऊन आला होता. त्याने विचारले, “मावशी, आमची बारकी दहाच्या आत हाय. ती उडती का मग?”

मावशींनी बारकीकडे निरखून पाहिले. “तिला चालाय येतं का?”

“न्हाई.”

“आधी चालू दे.”

पोरांना हे नियम एकदम मान्य झाले. नियमांना माप होते आणि माप डोळ्यांसमोर होते. दर रविवारी वजने होऊ लागली. भिंतीवर कोणी चढेना. मावशी पहिल्यांदाच थोड्या सैल झाल्यासारख्या दिसल्या.

त्याच सुमारास मला कार्यालयातून फोन आला. बाहेर कुठे कुठे पोरे कार्टून पाहून उड्या मारतात, अशा बातम्या येत होत्या. वरिष्ठ म्हणाले, “त्या गगनवीराचे गुण काय, दोष काय, लोक काय म्हणतात, एवढं द्या. उगाच रडारड नको.” मी गावात चार जणांना विचारले आणि मग गिरणीत गेलो. मावशींनी दळण थांबवले नाही. पट्ट्यावरची नजर न काढता, गिरणीच्या वर आवाज चढवून त्या बोलत राहिल्या.

“आधी गुण लिहा, न्हाईतर लोकं म्हणतील म्हातारी कुरकुरी हाय. रगत दाखवत न्हाईत, हे पयलं. लेकरं झोपंत दचकत न्हाईत. दुसरं, तो दिवसभर काम करतो. उडता येतं म्हणून दुकान बंद ठेवत न्हाई. आन् मारामारी झाली की ज्याला पाडलं त्यालाच हात देऊन उठवतो. माणसं असं करत न्हाईत. चित्रातलं करून राहिलं तर करू द्या.”

“आणि दोष?”

“दोष लई हायेत. उडतानी दाखवतेत, उतरतानी कापतेत. निघाला की पोचला. मधलं कुठंय? म्या इतके दिवस बघून राहिले, पाय टेकलेला एकदा दिसला न्हाई. लेकराला वाटतं मधी काई नसतंच.” त्यांनी एक डबा ओतला, गिरणीच्या तोंडावर हात आपटून पीठ झाडले. “मंग कवा कवा रविवारी त्याला मधीच टांगून ठेवतेत आन् फुडच्या रविवारी सोडवतेत. तवर लेकरांनी काय करायचं? आणिक एक लिहा. ह्यो जेवत न्हाई.”

“कोण?”

“गगन्या. आई न्हाई, बायको न्हाई, डबा न्हाई. घड्याळाच्या दुकानात बसून चहा बी घेत न्हाई. एवढं उडून उडून भूक लागत नसंल का?”

“चित्राला कसली भूक, मावशी?”

“चित्र हाय हे मला कळतं हो. लेकरांना कुठं कळतंय?”

हे मी लिहून घेतले. मजकूर जिल्ह्याच्या बातम्यांत मागे पडला आणि बरेच दिवस माझ्याकडेच राहिला.

गिरणीमागच्या एका खोलीत तांड्यावरची एक म्हातारी राहत होती. तिच्याबरोबर तिची नात होती, दुसरीत जाणारी, आणि एक शेळी. पोरीचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जात आणि उन्हाळा लागल्यावर येत. पोरीची शाळा बुडू नये म्हणून म्हातारी तिला घेऊन सेनगावात राहिली होती. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. भाकरी ती हाताच्या अंदाजाने चांगली थापी, पण ताटात काय उरले ते तिला दिसत नसे.

पोरगी फार बोलत नसे. टीव्हीसमोर पुढे बसे, तराजूच्या रांगेत शेवटी. एकदा तिने मावशींना विचारल्याचे मला आठवते, कारण मी दळण न्यायला आलो होतो.

“मावशी, गगन्या कारखान्यावर जातो का?”

“कोणत्या कारखान्यावर गं?”

“उसाच्या.”

मावशींचे लक्ष पट्ट्यावर होते. “जात असंल की. त्याला काय, कुठं बी जाता येतं.”

पोरीने मान हलवली आणि ती पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसली.

संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी मी गिरणीतच होतो. पोरगी नेहमीप्रमाणे शेवटी पारड्यात बसली. मावशींनी तिची नेहमीची मापे समोरच्या पारड्यात ठेवली. पोरीचे पारडे वर गेले. मावशींनी किलोचे माप काढले. पारडे वरच राहिले. त्यांना वाटले तराजू फसवतो आहे. त्यांनी पोरीला दुसऱ्या पारड्यात बसवले आणि मापे इकडे घेतली. तरी तेच.

“कमी झालं! कमी झालं!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. पत्र्यावाल्याचा पोरगा म्हणाला, “अजून लई बाकी हाय तिचं.”

पोरगी पारड्याच्या साखळ्या धरून हसत होती. हसताना तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

मावशींनी मोटार बंद केली. लाईट असताना, अर्धे दळण दगडात असताना गिरणी थांबली म्हणून बाहेरची माणसे आत डोकावली.

“काय खाल्लं गं सकाळी?”

“भाकर.”

“काल?”

“भाकर.”

“कोणी खाल्ली?”

मागून एक बारके पोर म्हणाले, “शेळीनं,” आणि सगळी हसली. त्यांना सगळ्यांना माहीत होते. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नव्हते.

मावशी पोरीचा हात धरून मागच्या खोलीकडे गेल्या, मागोमाग मीही. खुंट्याला शेळी बांधलेली होती, तकतकीत, पोटाने गोल. म्हातारी उन्हात बसली होती. आवाज ओळखून म्हणाली, “लेकरू लई गुणाचं हाय मावशी. ताटात कण ठेवत न्हाई.”

मावशी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. “काहून गं? काहून असं केलंस?”

“दहा किलो व्हायचंय.”

“कशाला?”

“याडीकडं जायचंय.” तांड्यावर आईला याडी म्हणतात. मग मावशींचा चेहरा पाहून तिने समजूत घातल्यासारखे सांगितले, “काई होत न्हाई. गगन्या बी जेवत न्हाई.”

दहा किलोला पोचण्याआधी काय होईल, ते तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळत होते. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, अंगात रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि खायला घाला, नाहीतर भरती करावी लागेल, असे सांगितले. खायला घालणे सोपे नव्हते. मावशी ताट घेऊन समोर बसल्या की ती दोन घास खाई. नजर वळली की भाकरी शेळीपुढे जाई. शेळी मावशींनी आपल्या दारात आणून बांधली, तेव्हा ती गल्लीतल्या कुत्र्यापुढे जाऊ लागली.

पुढच्या रविवारी मावशींनी टीव्ही लावायच्या आधीच पोरांना समोर बसवले. त्या उभ्या होत्या आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते.

“ते वजनाचं म्या खोटं सांगितलं व्हतं. गगन्या तसं काई म्हणला नव्हता.”

पत्र्यावाल्याच्या पोराने, ज्याचा हात नुकताच प्लास्टरमधून निघाला होता, उत्साहाने विचारले, “म्हंजी आमाला बी उडता येतं?”

“न्हाई!” मावशी ओरडल्या. “कोणालाच येत न्हाई.”

“मग गगन्याला?”

“चित्र हाय ते. काढलेलं चित्र.”

“आता चित्र हाय म्हणता,” पोरगा म्हणाला.

मावशींनी पोरीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला सगळे समजले होते. “मला जाऊ द्यायचं न्हाई, म्हून म्हणता तुमी,” ती हळूच म्हणाली.

त्या दिवशी मावशींनी गिरणी लवकर बंद केली आणि माझ्याकडे आल्या. इतके दिवस गगन्या त्यांच्या तोंडून खोटे बोलला, तेव्हा पोरांनी ऐकले. आता त्या स्वतः खरे बोलत होत्या तर कोणी ऐकत नव्हते. हे त्यांनी अशा शब्दांत सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “माझं ऐकत न्हाई ती. आईचं ऐकंल. तुमाला फोन लावता येतो का तिकडं?”

एसटीडीच्या दुकानातून मी ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा पत्ता लावला. टोळी पश्चिमेकडे, पार दूर होती. आईला कामावरून पाठवता येणार नाही, असे मुकादम म्हणाला, पण कुठल्या गावाला उतरायचे ते त्याने नीट सांगितले.

मावशींनी ते ऐकले. “तिला जायचंच हाय ना? मग जाऊ. एसटीनं जाऊ.”

या बाई रिसोडच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. गाडीत बसल्या की त्यांना धडकी भरे, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. मुलीकडे जातानाही त्या पदराची गाठ दाताखाली धरून बसत. निघायच्या आधी त्यांनी मला तीन वेळा विचारले की चालत्या गाडीचे दार आपोआप उघडते का. तीनही वेळा मी नाही म्हणालो.

सकाळी दळणाचे डबे घेऊन आलेली माणसे कुलपासमोर थांबली होती. एकाने हाक मारली, “मावशी, कारखान्यावर चालल्या म्हणं! कोयता घेतला का?”

“तुमच्या जिभंला बराबर व्हईल, तोच घेतला,” मावशी म्हणाल्या. “चार दिवस दळण न्हाई. घरी जातं असंल तर पुसून काढा.”

स्टँडवर त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या, पोरीला खिडकीकडून उचलून आतल्या बाजूला घेतले. पोरगी आनंदात होती. मावशींचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पिठाने नव्हता.

त्या एकट्याच परत आल्या. पोरगी आईपाशी राहिली. गिरणी सुरू झाली. तराजू त्यांनी त्याच दिवशी खाली उतरवला आणि पोत्यांसाठी जमिनीवरचा काटा आणवला. पोरे काही रविवार फुरंगटून बाहेर बसली, मग पुन्हा टीव्हीसमोर आली. मावशी आता भाषांतर कमी करत. गगन्या काय म्हणाला असे विचारले तर म्हणत, “जे म्हणला ते म्हणला.”

काही दिवसांनी त्यांनी विचारले, “ते छापलं का तुमी? गुण-दोषाचं?”

“अजून नाही.”

“मग त्यात एक घाला. ते वजनाचं त्या कार्टूनात नव्हतं. ते गिरणीतून निघालं. त्याच्या नावावर टाकू नका.”

मी ते शेवटी जोडून पाठवले. मजकूर छापून आला त्यात उतरताना न दाखवण्याचा मुद्दा होता, अर्धवट सोडण्याचा होता, न जेवण्याचाही होता. मावशींचा शेवटचा मुद्दा गाळला होता. तो मालिकेविषयी नाही, असे कार्यालयाचे म्हणणे पडले. कार्यालयाच्या बाजूने ते बरोबर होते.

पोरगी जगली, अंगाने भरलीही. पण पुढच्या वर्षी आईबापांनी तिला मागे ठेवले नाही. टोळीबरोबरच नेले, आणि त्यानंतरही दर वर्षी. शाळेतून तिचे नाव गेले. मुकादम सेनगावात आला की मावशी त्याला गिरणीत बोलावून घेत. तो म्हणे, “हाय, झकास हाय. उसाच्या शेंड्याचं वाढं बांधती, मोळ्या उचलती. आईपेक्षा दणकट झाली.” मावशी मान हलवत आणि मोटार चालू करत. त्यांना हायसे वाटले की वाईट, हे त्या आवाजात कळत नसे. आपणही ठरवू नये.

पुढे घरोघरी लहान चक्क्या आल्या, गिऱ्हाईक कमी झाले. माझी बदली हिंगोलीला झाली. मुलीने मावशींना रिसोडला नेले आणि तिथेच त्या वारल्या. बातम्या देणे हे माझे काम, पण ही बातमी मला महिनाभर उशिरा कळली, तीही बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडून. गिरणीच्या जागी आता मोबाईलचे दुकान आहे.

कारखान्यावर काय झाले ते त्यांनी मला एकदाच सांगितले होते. त्या दिवशी लाईट नव्हती आणि त्या गिरणीचा दगड उलटा टाकून त्याला छिन्नीने टाकी लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दिवस मावळायला आलता. बाया उसाच्या फडातून येऊन राहिल्या व्हत्या, डोक्यावर वाढ्याचे भारे. तिनं आईला लांबूनच वळखलं. पळाली. आईनं भारा टाकला आन् उचललं तिला. उचललं आन् म्हणली, ‘अगं बाई, किती हलकी झालीस!’”

छिन्नी थांबली.

“आन् पोरगी हसली. वळून माझ्याकडं बघून हसली, परीक्षेत पास झाल्यावानी.”

त्यांनी छिन्नी पुन्हा दगडाला लावली.

“म्या तिच्या आईला समदं सांगितलं. तराजूचं बी सांगितलं. तिनं समदं ऐकलं. चूल पेटवली, भाकरी टाकल्या. एक लेकीफुडं ठेवली, एक माझ्याफुडं. म्हणली, लांबून आलात, खावा. मला घास कुठं जाऊन राहिला व्हता! पण पोरगी हात लावीना. माझ्याकडंच बघून राहिली. म्या तुकडा मोडला की तिनं मोडला. म्या थांबले की ती थांबली.”

“मग?”

“मग काय. खाल्ली समदी.” त्यांनी दगडावरची भुकटी फुंकून टाकली. “आन् आणिक एक मागून घेतली.”